आधी धोंडाबाईला

पेटी म्हटलं की लोक विचारतात, वाजते का? मी वाजत नाही. दागिन्यांचीही मी नव्हे. मी लिहिण्याची पेटी. मांडी घालून बसायचं, मला पुढ्यात ओढायचं, माझ्या उतरत्या झाकणावर कागद ठेवून लिहायचं. लिहून झालं की झाकण उचलायचं आणि कागद माझ्या पोटात ठेवायचे. माझं काम एवढंच. पण ते मी अनसूया मोघे यांच्यासाठी पंधरा वर्षं केलं. मुलांसाठी लिहिणाऱ्या त्याच मोघेबाई. तुमच्या घरी पोरं असतील तर बाईंचं एखादं पुस्तक, कव्हर गेलेलं, कुठल्यातरी कोनाड्यात सापडेलच.

बाईंचं थोर जीवनकार्य सांगायला दुसरे आहेत, सभेत सांगतातही. मी सांगणार आहे ते मला जन्मभर छळलेल्या दुखण्याबद्दल. माणसं मत्सराला पोटात दुखणं म्हणतात. मला तर पोटाशिवाय दुसरं काही नाहीच.

माझा जन्म मुळशी तालुक्यातल्या कोळवणचा, सन बावन्नचा. शाळेत नव्या आलेल्या बाई एका दुपारी भिवाजी सुताराच्या अंगणात आल्या. वय चौतिशीचं, लग्न केलेलं नाही, पुण्याहून एकट्या आलेल्या. गावाला हे सगळंच नवल. त्यांनी हातानं मापं दाखवली, पेटी केवढी हवी, कशी हवी.

"बायामाणसाला पेटी लागती ती डागदागिन्याची," भिवाजी म्हणाला. "ही हो कसली?"

"मला लिहायला हवी. टेबलावर मला लिहिता येत नाही. पाय लोंबकळले की डोकं चालत नाही माझं."

भिवाजी हसला. त्याच्याकडे फणसाच्या फळ्या होत्या, पिवळ्याधमक. उतार किती ठेवायचा हे ठरवायला त्यानं बाईंना जमिनीवर बसवलं आणि कोपर कुठं टेकतं ते खडूनं फळीवर काढलं. त्या कोपराच्या मापानं मी घडले. तेव्हा सांगा, बाई माझ्या नाहीत तर कुणाच्या?

पहिलं वर्ष सुखाचं गेलं. बाई शाळेच्या मागच्या खोलीत राहत. पाच वाजता शाळा सुटली की पितळीभर चहा घेऊन माझ्यापुढं बसत. दौतीत टाक बुडवायच्या, लिहायच्या, लिहिलेलं मोठ्यानं वाचायच्या. ऐकायला मीच. मला वाटे, हे असंच चालणार.

तेव्हा त्या एका खेकड्याची गोष्ट लिहीत होत्या. खेकडा दप्तर घेऊन शाळेला जातो, नीट अभ्यास करतो, पहिला नंबर पटकावतो. एका संध्याकाळी त्या ती वाचत होत्या आणि बाहेर पडवी झाडणारा खराटा मध्येच थांबला.

"खेकडा असा जात न्हाई बाई."

दारात धोंडाबाई मरगळे उभी होती. शाळा झाडायची, पाणी भरायची. नवरा नथू, चार शेरडं घेऊन डोंगराला असायचा. घर बाईंच्या खोलीला लागूनच, मध्ये फक्त निवडुंगाचं कुंपण. वय बाईंच्याएवढंच. अक्षराची ओळख नाही.

"कसा नाही जात?" बाईंनी विचारलं.

"असा म्होरं. त्यो तिरका चालतोय न्हवं का? शाळंला निगाला तरी पोचंल का? भलतीकडंच जाईल की."

बाई इतक्या हसल्या की चहा माझ्या झाकणावर सांडला. त्याचा डाग अजून आहे. त्या रात्रीचं जेवण राहिलं तरी चालेल अशा घाईनं त्यांनी सगळी पानं खोडली आणि नव्यानं सुरुवात केली. खेकडा रोज शाळेला निघतो, पण तिरका चालत असल्यामुळे सोमवारी तेल्याच्या घाण्याशी पोचतो, मंगळवारी लग्नाच्या मांडवात, बुधवारी चावडीवर, आणि वर्ष संपता संपता शाळेखेरीज सगळं शिकतो. 'खेकडा शाळेला निघाला' हे बाईंचं पहिलं पुस्तक. त्याच्या किती आवृत्त्या निघाल्या ते तुम्हाला ठाऊकच असेल.

मला मात्र त्या दिवशीचं खोडणं आठवतं. टाकाचं टोक दाबून दाबून माझ्या पाठीवर आडव्या रेघा ओढल्या जात होत्या. माझ्यावर लिहिलेलं, मीच पहिल्यांदा ऐकलेलं, ते सगळं एका खराटेवालीच्या शब्दावर रद्द झालं.

तेव्हापासून तो रिवाजच पडला. माझ्यावर लिहायचं, पानं घडी करून पदराखाली घ्यायची आणि कुंपणापलीकडे जायचं. आधी धोंडाबाईला वाचून दाखवायचं. तिची चूल पेटलेली असे, ती भाकरी थापत ऐके. आवाज मला ऐकू येत. ती "व्हय" म्हणाली की बाई परत येऊन ते पान माझ्या पोटात ठेवत. ती "न्हाई" म्हणाली की माझ्या पाठीवर पुन्हा रेघा. कौतुक तिला ठाऊक नव्हतं. गावातले लोक तिला अगं-तुगं करत, बाई मात्र "धोंडाबाई, तुम्ही सांगा" असं म्हणत. मला कुणी कधी काही विचारलं नाही.

शिवाय एक गोष्ट होती. पक्की प्रत तयार झाली की कच्चे कागद धोंडाबाईच्या चुलीला पेटवणाला जात. कागद वाया घालवायचा नाही ही बाईंची शिस्त. माझ्या पाठीवर जन्मलेली पानं तिच्या चुलीत जाताना मी पाहत होते, आणि लाकडाच्या पेटीनं कधी करू नये तो विचार करत होते, की जळायचंच तर सगळं जळू दे.

बाईंचं नाव होत गेलं. सहा पुस्तकं झाली. पुण्याहून माणसं जीपमधून यायची, धुळीनं माखलेली, कोळवणच्या खाचरांकडे बघून "वा, वा" करायची. पुस्तक न वाचता पुस्तकाबद्दल किती बोलता येतं ते मी त्यांच्याकडून शिकले. एक गृहस्थ माझ्यावर टिचकी मारून म्हणाले, "म्हणजे इथंच सुचतं तर सगळं!"

मी अंगभर फुलले. बाई म्हणाल्या, "नाही हो. इथं नुसतं उतरतं. सुचतं ते तिकडे," आणि त्यांनी खिडकीतून कुंपणापलीकडच्या धुराकडे बोट दाखवलं.

साठ सालच्या उन्हाळ्यात धोंडाबाई भावाकडे जाऊन आली. भावाची वस्ती मुळशीच्या धरणाच्या काठाला. ती आठ वर्षांची असताना त्या पाण्याखाली तिचं गाव गेलं होतं, हे तोवर तिनं कधी सांगितलं नव्हतं.

"औंदा पाणी लई उतारलं बाई," ती म्हणाली. "आमच्या जात्याचा दगूड दिसला."

बाईंनी विचारत विचारत सगळं काढून घेतलं. घरं सोडायचा दिवस ठरला तेव्हा धोंडाबाईची कोंबडी अंड्यांवर बसलेली होती. कवडी तिचं नाव. ती उठायला तयार नव्हती, उचलली तर टोचायची. वडील म्हणाले, उद्या येऊन नेऊ. उद्या पाणी आलं होतं.

त्यावर बाईंनी आठ महिने लिहिलं. 'कवडी कुठं गेली?' हे नाव. एवढी हळू त्या कधी लिहीत नसत. एकेक प्रकरण चार चारदा धोंडाबाईला वाचून दाखवलं, आणि मला सांगायला बरं वाटत नाही, पण गोष्ट सुंदर होत होती. शेवटचं प्रकरण एकसष्टच्या मेमध्ये झालं. बाई पानं घेऊन कुंपणापलीकडे गेल्या. मी ऐकत होते. कवडी शेवटी एका तुटक्या दारावर बसून, पंखाखाली पिलं घेऊन, पाण्यावरून तरंगत काठाला येते. बाईंनी वाचून संपवलं. भाकरी थापल्याचा आवाज थांबला.

"न्हाई बाई."

"काय नाही?"

"कवडी आली न्हाई. मी बसले हुते काठाला. मला ठावं हाय."

"अहो, पण ही गोष्ट आहे. मुलांसाठी आहे. ती बुडाली असं लिहू? मुलं रडतील."

"रडू द्या की. मी न्हाई रडले व्हय? मेले का त्यानं?"

बाईंचा असा आवाज मी कधी ऐकला नव्हता. त्या म्हणाल्या, "पुस्तक मी लिहितेय, धोंडाबाई."

"व्हय," ती म्हणाली. "गाव माजं हुतं."

बाई परत आल्या. त्या रात्री त्यांनी एक रेघसुद्धा खोडली नाही. पक्की प्रत केली, पौडला जाऊन रजिस्टर टपालानं पुण्याला प्रकाशकांकडे पाठवली. कच्चे कागद त्यांनी स्वतः नेले नाहीत, एका मुलीच्या हाती कुंपणापलीकडे धाडले. ते त्याच संध्याकाळी पेटले असणार, कारण धूर मला दिसला.

मी खोटं कशाला बोलू? मला आनंद झाला होता. इतकी वर्षं वाट पाहिलेली संध्याकाळ आली होती. आता बाई कुठं जायच्या नाहीत, माझ्यापुढंच बसायच्या. आणि त्या बसल्याही. पण लिहीत नव्हत्या. टाक धुवायच्या, पुसायच्या, पुन्हा धुवायच्या. एकदा कागदावर दोन ओळी लिहून त्या नेहमीसारख्या मोठ्यानं वाचल्या, मग खिडकीकडे बघत बसल्या. मला त्यात काही वावगं दिसलं नाही. माझ्याजवळ होत्या, तेवढं मला पुरत होतं.

जुलैच्या बारा तारखेला पुण्याची एसटी आली नाही. दुसऱ्या दिवशी कळलं, पानशेतचं धरण फुटलं, पुण्यात नदीकाठच्या पेठा पाण्याखाली गेल्या. बाई दोन दिवस भावाच्या घरच्या खुशालीच्या चिंतेत होत्या. ती कळली. मग प्रकाशक हैबतरावांचं कार्ड आलं. छापखान्यात माळ्यापर्यंत पाणी चढलं. माणसं वाचली. छपाईचे खिळे चिखलात, कागद गेला, 'कवडी'चं हस्तलिखित गेलं. दुसरी प्रत असेल तर पाठवावी.

बाईंनी माझं झाकण उघडलं. मुलांची पत्रं, पावत्या, जुने टाक, सगळं बाहेर काढलं. मला उपडी केलं. पुन्हा आत हात घालून कोपरे चाचपले. तिथं काही नव्हतं.

तुम्हाला कसं सांगू? ती गोष्ट आठ महिने माझ्या पाठीवर लिहिली गेली होती. तिची एकेक ओळ, काना, मात्रा मी अंगावर घेतली होती. आणि बाई माझ्यापुढं डोकं धरून बसल्या असताना मला त्यातला एक शब्द देता येत नव्हता.

त्यांनी आठवून लिहायला घेतलं. पहिलं पान झालं, फाडलं. दुसऱ्यांदा लिहिलं, तेही फाडलं. "हे ते नाही," असं पुटपुटत. तीन दिवस असे गेले.

चौथ्या दिवशी दुपारी दारात धोंडाबाई उभी राहिली. दोन महिन्यांत ती झाडायला यायची तेवढीच, खाली मान घालून. आता भात लावणी सोडून आली होती, गुडघ्यापर्यंत चिखल.

"पोस्टमन म्हनला, गोष्ट व्हावून गेली."

"गेली," बाई म्हणाल्या.

"कशी जाईल? मला येतीया की."

बाईंनी मान वर केली. "सगळी?"

"समदी. तुमी चारदा वाचून दावली. अन् मी लावणीला बायांना सांगितली. सखूला इचारा, राजाबाईला इचारा, त्यास्नी बी येतीया."

बाईंचा हात कागदांकडे गेला. "बसा. आत्ताच बसा, धोंडाबाई."

"मला कुटली सवड? मुकादम वरडंल. तुमीच या खाचरात."

"पावसात कागद भिजतील."

धोंडाबाईनं माझ्याकडे पाहिलं. नऊ वर्षांत पहिल्यांदाच. "मग ही घ्या की संगं." तिनं पदराची चुंबळ केली आणि मला उचलून डोक्यावर घेतलं. "लई जड हाय गं बया! पोटात काय धोंडं भरल्यात?"

"पत्रं आहेत," बाई म्हणाल्या. "मुलांची."

ज्या बाईचा मी इतकी वर्षं दुस्वास केला तिच्या डोक्यावर बसून मी बांधाबांधानं निघाले. पडेन अशी भीती वाटली नाही. तिची मान हलत नव्हती, आणि याचाही मला राग आला.

शाळा त्या दिवसांत अर्धीच भरे, पोरं लावणीला असत. दुपारनंतर बाई बांधावर बसत, मी पुढ्यात, दोघींवर मिळून पानांचं एक मोठं इरलं. खाचरात बायका ओळीनं वाकलेल्या, रोपं रोवत मागं मागं सरकायच्या, आणि धोंडाबाई सांगायची. ओळी तशाच यायच्या. माझ्या ओळखीच्या, माझ्याच. मध्येच राजाबाई म्हणायची, "न्हाई गं, पयली म्हातारी बोलती, मंग पोरीची आय उठती." धोंडाबाई म्हणायची, "व्हय व्हय, चुकले." कुठं बाईंचा एखादा शब्द बदलून तिचा शब्द आलेला असे. बाई थांबत, ओठांतल्या ओठांत दोन्ही म्हणून बघत आणि तिचाच लिहीत.

अकरा दिवसांनी शेवटचं प्रकरण आलं. मी वाट बघत होते. आता ती आपलं घोडं पुढं दामटणार, कवडीला बुडवणार. धोंडाबाईनं कंबर सरळ केली, आणि सांगितलं ते असं: तुटकं दार तरंगत आलं, दारावर कवडी होती, पंखाखाली पिलं होती. बाईंनी लिहिलं होतं तसंच. शब्दाला शब्द.

बाईंचा टाक थांबला. "पण तुम्ही तर म्हणाला होता, ती आली नाही."

"तुमी ल्हिलंय तसं सांगतीया. ते तुमचं हाय."

पाऊस इरल्यावर वाजत होता. बाईंनी ते लिहिलेलं पान हळूच बाजूला ठेवलं, कोरा कागद घेतला. "धोंडाबाई, मग काय झालं? खरंच?"

धोंडाबाईनं हातातली रोपं पाण्यात धुतली. "काय व्हनार? मी धा दिस काठाला बसले. मंग आईनं दुसरी कोंबडी आणली. मी तिला बी कवडीच म्हनायचे. हाक मारली की ती भलतीकडंच बघायची. लई राग यायचा तिचा. येक दिस म्हनलं, बरं बाई, तुजं नाव काय ते तूच सांग."

सखू हसली. तिच्या शेजारची एक म्हातारी हसता हसता नाक ओढायला लागली. बाई लिहीत होत्या, इतक्या जोरात की प्रत्येक अक्षर माझ्या लाकडात उतरलं. पुस्तक तुम्ही वाचलं असेल तर त्याचा शेवट तुम्हाला माहीत आहे. "बरं बाई, तुझं नाव काय ते तूच सांग." पुढं कोरं पान.

बासष्टच्या दिवाळीला ते निघालं. पहिल्या पानावर एकच ओळ: 'ही गोष्ट धोंडाबाई मरगळे यांनी मला दोनदा दिली.' बाईंनी ती धोंडाबाईला वाचून दाखवली. ती म्हणाली, "बरं ल्हिलंय," आणि भाकरी उलटली. मी ते पान पुढून बघितलं, मागून बघितलं. पेटीचा उल्लेख कुठंच नव्हता.

पत्रांचा पाऊस पडला. कुणाला रडू आलं होतं, कुणी आपल्या कोंबडीला नाव विचारून बघितलं होतं. शेकडो पत्रं माझ्या पोटात आली. एक मात्र धोंडाबाईच्या नावानं आलं, भोरकडच्या एका मुलीचं. ते वाचून झाल्यावर धोंडाबाईनं घडी करून आपल्या घराच्या वाशात खोचलं. माझ्याकडे पोटभर पत्रं होती, आणि मला ते वाशातलं हवं होतं.

सदुसष्टच्या थंडीत बाई छातीच्या दुखण्यानं पुण्याला भावाकडे गेल्या त्या परत आल्या नाहीत. महिन्याभरानं त्यांचा भाचा खोली आवरायला आला. त्याच्या हातात बाईंची चिठ्ठी होती: पेटी धोंडाबाईला द्यावी. पण पुण्यातल्या मुलांच्या एका वाचनालयालाही मी हवी होते. भाचा सरळ माणूस. त्यानं दोन्ही गोष्टी तिला सांगितल्या.

"तितं काय करत्याल हिचं?" तिनं विचारलं.

"काचेच्या कपाटात ठेवतील. मुलं येऊन बघतील. तुमची आहे, तुम्ही म्हणाल तसं."

मी मनात म्हणत होते, हो म्हण, हो म्हण. एकदा तरी मला तुझ्याशिवाय कुठंतरी असू दे.

तिनं माझ्या झाकणावर तळवा ठेवला. "माज्याकडं धूर हाय," ती म्हणाली. "वाळवी हाय. न्या तुमी." मग तिनं पदर ओला करून मला आतून बाहेरून पुसलं. बिजागरीत अडकलेली शाईची खपली नखानं काढली. भाचा मला घेऊन एसटीत चढला तेव्हा मागं वळून बघायला मला मान नव्हती, आणि असती तरी मी वळले नसते.

आता मी त्या वाचनालयात आहे. काच रोज पुसतात. माझ्यापुढं चिठ्ठी आहे: 'प्रसिद्ध बालसाहित्यिक कै. अनसूया मोघे यांची लेखनपेटी. याच पेटीवर त्यांनी 'कवडी कुठं गेली?' हे पुस्तक लिहिले.' शेवटी माझं नाव आलं, आणि तिचं नाही. सुरुवातीचे दिवस मी ती चिठ्ठी मनात शंभर वेळा वाचली.

शनिवारी मुलं येतात, काचेला नाकं लावतात. परवा दोन वेण्यांच्या एका मुलीनं विचारलं, "कवडी खरी होती का?"

दाखवणारे गृहस्थ हसून म्हणाले, "छे गं! ती बाईंची कल्पना."

मुलीचा चेहरा पडला. काचेच्या आत मी ठार मुकी. त्या खाचराच्या बांधावरचा सगळा पाऊस माझ्या लाकडात आहे, आणि त्या मुलीला मला एवढंही सांगता आलं नाही की कवडी होती, ती टोचायची, तिच्यासाठी एक आठ वर्षांची पोर दहा दिवस पाण्याकाठी बसली होती.

माझं दुखणं गेलं असं समजू नका. कोळवणला आजही कुणी लावणीला वाकलं की धोंडाबाई गोष्ट सांगत असेल, आणि ती ऐकणाऱ्या चिखलाचाही मला हेवा वाटतो. पण तुमच्यापैकी कुणी या वाचनालयात आलात, आणि तुमच्या खिशाला पेन असलं, तर एक कराल का? चिठ्ठीत खाली एका ओळीची जागा मोकळी आहे. तिथं लिहा: कवडी खरी होती. धोंडाबाई नथू मरगळे, कोळवण, यांची. अक्षर मोठं काढा. लहान मुलांना लांबून वाचता आलं पाहिजे.